नवा मतदारसंघ आणि काकीच्या गोळ्या

बारावीची परीक्षा देऊन मी साताऱ्याच्या हॉस्टेलवरून गावी आले, तेव्हा पारावर एकच विषय होता. लोकसभेसाठी आमचा माण तालुका साताऱ्यातून काढून सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांबरोबर नव्या मतदारसंघात घातला होता. वर्तमानपत्रात नकाशा आला होता. माणसं तो मांडीवर पसरून जाड रेघेवरून बोट फिरवत.

"झालो आपण सोलापूरकर."

"मग शेंगाचटणीची सवय लाव गड्या."

माझे चुलते फौजेत होते. ते वारल्यावर काकी दर महिन्याला सकाळच्या एसटीनं साताऱ्याला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायची आणि शुगरच्या गोळ्या आणायची. त्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर ती अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करत होती.

"हे काय, काकी?"

"आर्दी आर्दी घेतली की पुरत्यात."

ती दोन महिने साताऱ्याला गेलीच नव्हती.

"जिल्हा बदलला न्हवं आपला. रांगंत तासभर उभं ऱ्हायचं, आन खिडकीवरनं म्हणायचे, बाई, तुमी सोलापूरला जावा. चारचौघांत कशाला ती शोभा?"

तिचा संकोच मला कळला. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. जिल्हा वेगळा आणि मतदारसंघ वेगळा, हे मी नागरिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. पण दवाखान्याच्या खिडकीवर ते पुस्तक चालतं की नाही, कुणास ठाऊक. चुकीचं सांगितलं आणि तिला परत पाठवलं, तर ती पुन्हा कधीच जाणार नाही. म्हणून एवढंच म्हणाले, "उद्या मी येते बरोबर."

एसटीत मी एकच वाक्य मनात घोकत होते. खिडकीशी आमचा नंबर आला. काकीनं दवाखान्याचं कार्ड आत सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आमचा मतदारसंघ बदललाय. कार्ड इथंच चालेल ना?"

आवाज इतका बारीक निघाला, की आतल्या माणसानं "काय?" म्हणून कान पुढे केला. मला पुन्हा बोलावं लागलं. मग मागून एक पांढऱ्या मिशांचे आजोबाच बोलले. "आवं बाई, मत तेवढं तिकडच्या खासदाराला. जिल्हा हाय तोच हाय. मी बी माणचाच. गेल्या महिन्यात मी बी हेच इचारलं, तवा हे हसले मला."

आतला माणूस आताही हसला. त्यानं कार्डावरचा नंबर लिहून घेतला आणि चिठ्ठी दिली. काकीनं माझा दंड धरला होता, तो सोडला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर वाढली होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. अर्ध्या गोळ्यांचं ऐकून त्या काकीला बरंच बोलल्या. काकी खाली मान घालून, जवळजवळ खुशीत, ऐकत राहिली.

स्टँडवरच्या बाकावर आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. जेवण झाल्यावर काकीनं अख्खी गोळी तोंडात टाकली आणि ती माझ्या बाटलीतलं पाणी प्याली.

"लय हळू बोलतीस बाय तू," ती म्हणाली. "पर दोनदा बोललीस."

परतीच्या, दहिवडीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कोरेगाव यायच्या आत ती माझ्या खांद्यावर झोपली. गोळ्यांची पिशवी मी मांडीवर घेतली. आता दोघींनाही कुणाला काही विचारायचं नव्हतं.