सौंदडच्या पुढे उतरलेले हंस

गोंदिया स्टेशनवर उतरले तेव्हा थंडीने बोटं आखडली होती. फलाटावरच्या चहावाल्याने मला आणि माझ्या पाठीवरच्या सॅकला नीट न्याहाळलं.

"अकेले आये क्या, मॅडम?"

"हो."

"घर में कोई नहीं?"

"सगळे आहेत. म्हणूनच आले."

कोल्हापुरातून निघताना घरात भांडणच झालं होतं. साठी उलटलेल्या, गुडघा बदललेल्या बाईनं राज्याच्या दुसऱ्या टोकाला एकटीनं कशाला जायचं, हा मुलाचा मुद्दा. "रंकाळ्यावर पक्षी नाहीत का, आई?" आहेत. पण पट्टकादंब नाहीत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात खाली येतात. आमच्या माडीवर राहून नर्सिंग शिकलेल्या एका मुलीने फोन केला होता. तिच्या गावच्या तलावावर ते बऱ्याच वर्षांनी उतरले होते. मी आधी तिकीट काढलं आणि मग घरात सांगितलं.

गोंदियाहून छोट्या गाडीने सौंदड गाठलं. दोन्ही बाजूंना धान कापलेली शेतं, मध्येच मळणीयंत्राचा धुरळा. स्टेशनबाहेर त्या मुलीची आई, निर्मलाताई, चक्क ट्रॅक्टर घेऊन उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघतात.

"चढता येते का, ताई? नाई तं हात देतो," त्या म्हणाल्या. तिकडे बायकाही 'देतो', 'येतो' असंच बोलतात.

मी हात न घेता चढले. घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला पस्तावले.

रात्रीच्या जेवणाचं त्यांनी सांगितलं, "पोपटाची भाजी केली हाय," आणि मी पाटावरच दचकले. पोपट म्हणजे वालाचे ओले दाणे. झणझणीत रस्सा, गरम भात. माझा चेहरा आठवून त्या जेवण होईपर्यंत हसत होत्या.

सकाळी तलावावर धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं तेही कळेना. पण पलीकडून आवाज येत होता, नाकातून बोलल्यासारखा, एकमेकांना हाका मारल्यासारखा. मी पारीवर (तलावाच्या बांधावर) बसून राहिले. धुकं वर सरकलं, राखी पाठी दिसल्या, दुर्बीण डोळ्याला लावली, आणि डोक्यावरून घरघर करत एक ड्रोन गेला.

सगळा थवा एकदम उठला. एक घेर घेतला आणि झाडांमागे दिसेनासा झाला.

जीपमधून आलेले चौघे टाळ्या देत होते. मी तरातरा गेले. "अहो, उडवलंत का त्यांना?"

"मॅडम, बसलेल्या पक्ष्याचे फोटो सगळ्यांकडे असतात," काळा चष्मा लावलेला त्यांचा म्होरक्या म्हणाला. "उद्या परत येतोय आम्ही. तुम्हीही या."

घरी आले तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं. निर्मलाताईंनी ऐकून घेतलं, भांडी विसळली आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या येतेत नं? येऊ दे."

दुसऱ्या सकाळी पारीच्या तोंडाशी निर्मलाताईंचा ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि त्या वर बसून होत्या. मळणीला निघालेल्या चार बायका सुपं, टोपल्या घेऊन तिथेच टेकल्या होत्या. मीही ट्रॅक्टरपुढे माझी घडीची खुर्ची मांडली. जीप आली, हॉर्न वाजले.

"मावशी, ट्रॅक्टर काढा. तलाव सरकारी आहे," काळा चष्मा ओरडला.

"सरकार आत्ता आलं. ही पार माह्या सासऱ्याच्या आज्यानं बांधली. आमी कोहळी लोकं, तलाव बांधाचं कामच आमचं," निर्मलाताई वरूनच म्हणाल्या.

"म्हणून पक्षी तुमचे झाले का?"

"पाखरं माहे नाईत. तुहेबी नाईत. मंग उडवून कायले राहिला?"

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी उठा."

"गुडघा नवा आहे," मी म्हटलं. "बसले की लवकर उठवत नाही."

तक्रारीच्या धमक्या देऊन जीप मागे फिरली. बायका उठून कामाला गेल्या. तलाव मात्र दिवसभर रिकामा राहिला. पाणकावळे, टिटव्या, बाकी काही नाही. माझं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. मुलाचा फोन आला. "निघालीस ना?"

"नाही. गाडी सोडली."

"कधी येणार मग?"

"बघून झाल्यावर."

पुढच्या दिवशी, ऊन उतरताना, ते आले. तलावावर नव्हे, आमच्या डोक्यावरून खाली येत ते थेट निर्मलाताईंच्या शेतात उतरले, धान कापल्यावर पेरलेल्या लाखोरीत (ही तिकडची डाळ). इतके जवळ की दुर्बीण लागली नाही. पांढरी डोकी, त्यावरचे दोन काळे पट्टे, नारिंगी पाय. आणि चोची भराभर कोवळे शेंडे खुडत होत्या.

"खाऊन राहिले माही लाखोरी!" निर्मलाताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

मी ओशाळले. "हाकलायचं का?"

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "माह्या वावरातले मी हाकलीन, नाई तं ठेवीन. कोनी सांगाचं नाई." मग बांधावर बसकण मारली. "बसा, ताई. अंधार पडेवरी पाहा."

अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. मी कॅमेरा बाहेर काढला नाही.

आता घरी येऊन आठवडा झाला. मुलाचा राग ओसरलाय. पक्षी पाहणारी मित्रमंडळी मात्र रोज फोन करतात: फोटो पाठवा, गावाचं नाव सांगा, तलावाचा रस्ता सांगा. प्रवास लिहिणाऱ्याने वाट सांगायची असते, हे मला कळतं. वाचणाऱ्याला पुढे जाता यावं म्हणूनच आपण लिहितो. पण हंस जिच्या शेतात उतरले त्या बाईने कुणाला बोलवायचं ते तिचं तिने ठरवावं. सौंदडपर्यंतची वाट मी वर सांगितली आहे. त्याच्या पुढची सांगणार नाही.