पुन्हाबाई

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. काउंटरवर एकूण त्रेचाळीस रुग्ण, पैकी परदेशी पाच. नवीन बाई फाइलींच्या खोलीत कपाटाशी परक्या भाषेत बोलत होती. मी आत जाताच गप्प. एप्रनच्या खिशात काहीतरी सरकवलं. लक्ष ठेवायला हवं.

हे टिपण इस्पितळाच्या नोंदणी काउंटरवर बसणाऱ्या कारकूनबाईंच्या रोजनिशीतलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. तीस वर्षं रुग्णांची नावं, वयं, दुखणी त्या सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवत आल्या होत्या. पलीकडे नवा पूल बांधणाऱ्या कंपनीची माणसं जी भाषा बोलत, ती त्या कॉन्व्हेंट शाळेत तिथल्या सिस्टरांकडून शिकल्या होत्या. एक शब्द चुकला की तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. तेव्हापासून ती भाषा त्या बिनचूक लिहीत, आणि बोलायची वेळ आली की पाणी प्यायला जात.

म्हणूनच तर ही नवीन बाई तीन महिन्यांच्या बोलीवर घेतली होती. पंधरा वर्षं एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करताना, परदेशी पाहुण्यांच्या हरवलेल्या मोज्यांचे आणि तुटलेल्या बटणांचे तंटे मिटवता मिटवता ती बोलायला शिकली होती. लॉन्ड्री बंद पडली. नवरा गवंडी, पाठ धरल्यामुळे अंथरुणावर. पन्नाशीत दुसरीकडे कोण उभं करणार? ही नोकरी टिकली नाही तर घर बसलंच.

परदेशी रुग्ण समोर आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: मला तुमची भाषा थोडीच येते, हळू बोला, पुन्हा सांगा. एक्स-रेवाल्याने तिचं नाव पुन्हाबाई पाडलं आणि ते चिकटलं. कारकूनबाईंना मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. भाषा येते म्हणून नोकरी मिळवायची, आणि तोंड उघडताच येत नाही म्हणून सांगायचं!

मुदत शुक्रवारी संपत होती. मेट्रननी कारकूनबाईंना बोलावून सांगितलं होतं की, इथे ती भाषा कळते ती तुम्हालाच, तेव्हा लेखी अभिप्राय तुम्हीच द्या, त्यावरच ठरवू. तेव्हापासून कारकूनबाई कच्च्या वहीच्या मागच्या पानावर चुका टिपत होत्या. काळ चुकला. अनेकवचन चुकलं. बाप्याला बाई केलं. गुरुवारपर्यंत सतरा झाल्या.

पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच. परदेशी माणसं हिच्याच खिडकीशी थांबत. कारकूनबाईंची खिडकी रिकामी असली तरी थांबत, आणि हिच्याशी बोलताना हसत. ही त्यांना काय देत होती? कोणाची माहिती पुरवत होती का?

बुधवारी हात धुताना पुन्हाबाई खिशात सरकवलेली ती वस्तू, एक छोटी वही, बेसिनपाशी विसरली. कारकूनबाईंनी आजूबाजूला पाहून ती उघडली. आत आपल्या लिपीत परक्या भाषेची वाक्यं होती. ‘थांबा, विचार करते.’ ‘तुम्ही असं म्हणालात ना?’ ‘हे काढून दाखवा.’ ‘मला माहीत नाही, विचारून येते.’ प्रत्येकापुढे त्या दिवशी किती वेळा बोललं त्याच्या काड्या. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, रोज एक नवं वाक्य. आधी कपाटाला, मग माणसाला.

एकूण सत्तर वाक्यं. कारकूनबाईंचा संशय पक्का झाला. ही भाषा नव्हे, भाषेचं सोंग.

शुक्रवारी सकाळी पुलावरचा एक वयस्क क्रेनवाला चेंगरलेलं बोट फडक्यात गुंडाळून आला. टाके घालायचे होते. पुन्हाबाई दुसऱ्या रुग्णाबरोबर एक्स-रेला गेलेली, आणि पाणी प्यायला जायची सोय नव्हती. औषधाचं वावडं आहे का, हे कारकूनबाईंनी शाळेतल्या सिस्टरांनी शाबासकी दिली असती अशा लांबलचक, शुद्ध वाक्यात विचारलं. तो दात आवळून भराभर काहीतरी बोलला. सुरुवात कळली, पुढचं निसटलं. पुन्हा विचारायचं म्हणजे भरवर्गात उभं राहणं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, त्यानेही हलवली. त्यांनी लिहिलं, ‘वावडं: नाही.’

तेवढ्यात पुन्हाबाई आली आणि त्याला तेच विचारू लागली.

“मी विचारलंय,” कारकूनबाई म्हणाल्या.

“असू द्या बाई, मी माझ्यासाठी विचारते.”

तो बोलला. तिने हात वर केला, हळू. तो पुन्हा बोलला. तिने मोडकंतोडकं त्यालाच परत ऐकवलं. त्याने जोरात मान हलवली, तसं नाही. तिने कागद-पेन्सिल पुढे सरकवली. डाव्या हाताने त्याने सुई काढली, मग सुजलेल्या ओठांचा, डोळे मिटलेला चेहरा, आणि त्याखाली बधिर करायच्या औषधाचं नाव.

पुन्हाबाई कागद घेऊन आत धावली. नर्सने ट्रेमध्ये तेच इंजेक्शन भरून ठेवलं होतं, ते टोचायच्या आत थांबलं. परत येऊन तिने रजिस्टर कारकूनबाईंकडे फिरवलं. “खोडलेलं तुमच्याच हातचं हवं बाई.”

“माझ्यावर नजर ठेवून होतीस?”

“छे हो. माझा माझ्यावरच भरवसा नाही, म्हणून दोनदा विचारते.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते की. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, मग जरा हलकं वाटतं.”

कारकूनबाईंनी नोंद दुरुस्त केली. मग दुपारभर त्या मेट्रनच्या दाराकडे बघत बसल्या. ही आता चुगली करणार, किंवा आपल्याला गाठून काहीतरी मागणार. पुन्हाबाई दाराकडे फिरकली नाही. डबा खाल्ला, कपाटाशी जाऊन पुटपुटली आणि पुढच्या रुग्णाला हळू बोलायला सांगितलं. गप्प राहण्यातही काही डाव असेल का, हे कारकूनबाईंना चार वाजेपर्यंत ठरवता आलं नाही.

चारला त्यांनी अभिप्राय लिहिला. ‘व्याकरण कच्चं. सतरा चुका मोजल्या. आज सकाळची अठरावी चूक माझी, ती हिने पकडली. कायम करावं.’ लिफाफा कोणाच्या हाती न देता स्वतः मेट्रनच्या टेबलावर ठेवला आणि मेट्रननी तो उघडून वाचेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

शुक्रवार, १४ मार्च. लक्ष ठेवण्यासारखं काही नाही. घरातली गरम पाण्याची पिशवी बुचाशी गळते आहे. आतली रबरी चकती बदलायला हवी.