बाबांना होई आन दाखवलं, ते नसतं दाखवलं तर बरं होतं

बायको म्हणाली, "लोक वडिलांना काशीला नेतात, तुमचं आपलं भलतंच!" पण व्हिएतनामची सहल काढण्यात माझा डाव होता. थळच्या किनाऱ्यावरची आमची होडी मासेमारीतून काढून पर्यटकांना खांदेरी किल्ल्यावर न्यायला लावावी, म्हणून मी कधीचा बाबांच्या मागे लागलो होतो. उत्तर एकच, "न्हाय." म्हटलं, होई आनचे कोळी कसे झोकात कमावतात ते दाखवू, मग हो म्हणतील!

मांडव्याहून रो-रो बोट, मुंबईहून विमान, दा नांगहून तासाभराची बस. जुन्या गावात पायीच फिरावं लागतं, तेव्हा चपला मऊ घाला. आमची गाइड लान, हसरी पोरगी, पिवळ्या भिंतींची व्यापाऱ्यांची घरं आणि छपराचा लाकडी पूल दाखवत इंग्रजीत सांगायची. मी बाबांना मराठीत. बाबांचं लक्ष सगळं नदीकडे. जेवायला मांस भरलेला कुरकुरीत पाव मिळाला तेव्हा मात्र स्वारी खूश. शाकाहारी मंडळींनी आधीच सांगून ठेवावं, नाहीतर हाल होतात.

दुपारी खाडीत टोपलीहोडी. बांबूची, गोल, तिकीट सहलीतच धरलेलं. नावाडी बाबांच्याच वयाचा. स्पीकरवर गाणं लावून त्याने होडी अशी गरागरा फिरवली की मी ओरडलोच! मग त्याने पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, फोटोंसाठी फेकून दाखवला.

काठावर आल्यावर बाबा म्हणाले, "यो मासं कवा मारतो, ईचार तिला."

लानने विचारलं. म्हातारा हसत काहीतरी बोलला. "आधी मारायचा," ती म्हणाली, "आता नुसतं दाखवतो."

बाबांनी त्याच्याकडून पाग मागून घेतला आणि फेकला. काय सुरेख पसरला! टाळ्या पडल्या. बाबांनी ओढून आत चाचपलं, एक मासा नव्हता. लोक हसले. मीही हसलो, याचं आता फार वाईट वाटतं.

परतताना रो-रोवर बाबा एवढंच म्हणाले, "कर तुला काय करायचा हाय ता."

होडीला रंग दिला, नारिंगी जॅकेटं आणली. धंदा छान चाललाय. होई आनलाही जरूर जा, गाव देखणं आहे. फक्त कुणाला काही पटवायला नेऊ नका, पटतं हो!

बाबा पहाटे उठतात, चहा घेतात, पुन्हा आडवे होतात. किनाऱ्यावर येत नाहीत. ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी समुद्राची वेळ सांगता यायची, त्याने परवा मला विचारलं, "आज भरती कवा हाय रं?"