लढाई लावायच्या आधी

चष्मा कपाळावर ढकलायचा, माऊसवरचं बोट उचलायचं आन् म्हणायचं, "आता चाल समोरच्याची हाय. आपण गप बसायचं." आमच्या शेजारच्या काकू अशा. नांदेडात आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवायच्या. शिलाई मशीनीशेजारी पोराचा जुना लॅपटॉप, त्याच्यावर राज्यांचा गेम. एक चाल आपली, मंग एकेक चाल बाकीच्या राजांची, तेवढ्यात काकू एक बाही लावून घ्यायच्या.

लढाई लावायच्या आधी लई तयारी करायच्या. शत्रूच्या शेजारच्या राजांना भेटी पाठवायच्या, म्हणजे ते त्याच्या मदतीला येत न्हाईत. एकदा वाटता वाटता शत्रूला बी भेट देऊन बसल्या. तो दोस्तच झाला, लढाईचं बटन दबंना! मी हसून हसून बेजार. काकू म्हणल्या, "आगं, गल्लीत वाण वाटताना एक घर सोडता येतंय का?"

मी मातर भित्री. माझी आई मुखेडला, आन् सासूबाईंचं तिच्याशी बोलणं बंद, का तर लग्नात आमच्या चुलतसासऱ्याला मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहिली. बाळंतपणाला बी मला माहेरी धाडलं न्हाई. पोरीचं बारसं चार दिवसांवर आलं, आईला निरोपच न्हाई, मला पाजताना रडू येऊन राहिलं होतं. पळत काकूंकडं गेले. म्हणलं, "काकू, आज मी सासूबाईंशी भांडणारच!"

"भांड की. सासरे कुणीकडं?"

"कुणीकडंच न्हाईत."

"नवरा?"

"त्यो तर घरातच थांबत न्हाई वो!"

"मंग एकटीच निघालीस व्हय लढाईला, तान्हं लेकरू काखंत घेऊन? थांब. आधी बघू, बाळाची कुंची कोण शिवतंय."

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुंचीचं कापड घेऊन काकूंच्या दारात. मी भिंतीआड कान लावून. काकूंनी कापडाला हातच लावला न्हाई. "अक्का, कुंची आजोळची लागती. मी शिवली तर गल्ली इचारल, आजोळ कुठंय म्हणून."

सासूबाई कापड तसंच घेऊन घरी आल्या. "आईला फोन लावू का?" म्हणायला मी तोंड उघडलं, तर काकूंनी खिडकीतूनच बोटानं दटावलं. गप बसले, कशी बसले माझं मला ठाऊक. दिवस मावळायला सासूबाई फोनवर ओरडून राहिल्या होत्या, "विहीणबाई, कुंची आणायची का ते बी इसरणार?"

आई आली. पण दोघी एकमेकींकडं बघंनात. बारशाला बाळ पाळण्याखालनं एकीनं द्यायचं, दुसरीनं वरनं परत द्यायचं. काकूंनी एकीकडं सासूबाईंना उभं केलं, दुसरीकडं माझ्या आईला.

"धरलंय का?" सासूबाईंनी खालनं इचारलं.

"धरलंय."

"डोकं सांभाळा."

"सांभाळलंय वो, मला काय लेकरं झाली न्हाईत व्हय?"

आन् दोघी हसल्या! तुम्ही बघायला पायजे होतं.

आता काकू लातूरला पोराकडं राहायला गेल्यात. माझ्या डोळ्यापुढं त्या बारशातल्याच येतात. हातात घुगऱ्यांची वाटी, तोंडात घास, आन् सगळ्या बायांपेक्षा मोठ्यानं पाळणा म्हणून राहिल्यात, एकदम बेसूर. पोरगी त्यातच झोपून गेली.