बारावी पायरी

"ऑक्टोबर हाय की." निकालाच्या फळ्यापुढे तोंड पाडून उभ्या राहिलेल्या पोराला आमच्या कॉलेजचे शिपाई एवढंच म्हणायचे आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचे. मार्चात आपटलेल्यांची परीक्षा ऑक्टोबरात पुन्हा व्हायची, आणि तिथला त्यांचा अनुभव दांडगा होता. बाहेरून मॅट्रिकला बसून ते स्वतः गणितात चार वेळा उडाले होते.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मोशीहून सायकलवर यायचे. कॉलेजच्या दगडी इमारतीला बारा पायऱ्या होत्या आणि शेवटची इतरांपेक्षा उंच. पार चाकणपर्यंत इमारतीची ओळख तीच: "ठेच लागते ती ना?" पोरांनी तिच्या कथाही रचल्या होत्या. कुणी म्हणे खाली नाग पुरलाय, कुणी म्हणे परीक्षेच्या दिवशी तिथं अडखळलं की पास. कच्ची पोरं मुद्दाम अडखळायची. मामा ऐकायचे आणि फडकं मारत राहायचे.

मी तिथं गणित शिकवायचो. चौथ्या निकालानंतर त्यांना म्हटलं, "मामा, नोकरी पक्की आहे. या वयात कशाला डोक्याला ताप?"

त्यांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली. "मोजा, सर."

पहिल्या अकरा पायऱ्या सहा-सहा इंच भरल्या. बारावी नऊ.

"ही बिल्डिंग बांधली तवा मी हितं गवंडी हुतो. मुकादम म्हनला, पंच्याहत्तर इंच उंची, बारा पायऱ्या कर. मला भागाकार येत न्हवता. सहा धरलं आन् सुटलो. बाकी उरली ती समदी वरच्या पायरीत कोंबली." मग खाली बघत म्हणाले, "हितं कुनी पडलं की वाटतं, मीच पाडलं."

मी उत्तर सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "न्हाई सर. माझं मी काढनार. पास झाल्याबिगर त्या पायरीला हात लावायचा न्हाई."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आम्ही पायरीवरच खडू घेऊन बसू लागलो. पाव, सव्वा, दीड त्यांच्या तोंडात बसलेले होते. कागदावर मात्र अपूर्णांक दिसला की घाम फुटायचा. तरी एक दिवस चुकवला नाही. ऑक्टोबरात मामा सुटले, अगदी काठावर.

निकाल लागला त्याच दिवशी त्यांनी प्राचार्यांना स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला: "सर्व पायऱ्या सव्वासहा इंचाच्या करण्याची परवानगी मिळावी." नाताळच्या सुट्टीत थापी घेऊन त्यांनी बाराही पायऱ्या उचलून पुन्हा बसवल्या.

कॉलेज उघडलं आणि वर जाईल तो धडपडू लागला. सवयीनं मीही पाय उंच उचलला आणि हातातली वह्यांची चळत खाली सांडली. मामा वह्या गोळा करत म्हणाले, "भागाकार बरोबर हाय, सर. आता पाय चुकत्यात."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. नवी पोरं सरळ चढून जातात. त्यांच्याकडे त्या पायरीची एकही कथा नाही. माझा पाय मात्र बाराव्या पायरीला अजून जास्तच उचलला जातो. तेवढी बाकी माझ्याकडे राहिली आहे.