साहेबांची भूक

उमरखेडच्या विश्रामगृहातला खानसामा ताट वाढलं की दाराशी उभा राहून विचारी, "मीठ बराबर हाय ना, बाबू?" एकोणीसशे साठच्या सुमारास परदेशातून विहिरींच्या पाहणीसाठी आलेल्या एका साहेबांचा मी दुभाषा होतो. साहेब तापानं पडले. चार दिवस पोटात अन्न ठरेना, डॉक्टरही काळजीत पडले. मग खानसाम्यानं ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवल्या आणि उशाशी बसून चमच्याचमच्यानं भरवू लागला. तोंडानं त्याच्या वऱ्हाडी गप्पा चालूच.

मी म्हटलं, "त्यांना तुमचं बोलणं कळत नाही."

"कळून राह्यलं, बाबू. तोंड उघडते ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी रिकामी वाटी पुढं केली आणि हसून म्हणाले, "मले भूक लागली!"

खानसामा आनंदानं माझ्याकडं वळला. "आता तुमचं काम सपलं, बाबू!"