सुभेदारांचं चपटं पिस्तूल

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. हाताळलेल्या गुन्ह्यांतली माणसांची नावं विसरत चाललोय, कलमं तेवढी आठवतात. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो तेव्हाचं. त्यात चुकलो मी आणि मला सावरलं दुसऱ्यांनी, म्हणून ते विसरणं शक्य नाही. नावं कुणाचीच घेत नाही.

आमच्या हद्दीत एक निवृत्त सुभेदार राहत. सत्तरीला टेकलेले, ताठ, मिशी अजून फौजेतली. गावापासून दूर उसाच्या रानात त्यांची वस्ती. एका दरोड्याच्या खटल्यात त्यांनी न डगमगता साक्ष दिली, आरोपींना शिक्षा झाली आणि जिवाला धोका म्हणून त्यांना पिस्तुलाचा परवाना मिळाला. फौजेत नेमबाजीची बक्षिसं मिळवलेला माणूस. रोज सकाळी फिरायला निघताना ते पिस्तूल कमरेला लावत.

एक दिवस ते ठाण्यात आले आणि टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. अंगठ्यांचे सांधे सुजले होते.

"सायेब, ह्ये धूड आता झेपंना. गोळी भराया वरची स्लाईड वढली की अंगठ्यात कळ येतीया. कमरेला लावलं की इजार खाली येती. लोकं हसत्यात."

"मग घरी ठेवता का?"

"तेच तर. महिना झाला, कपाटातच हाय."

मी म्हणालो, "कपाटातलं पिस्तूल काय कामाचं? जड हत्यार घरी राहतं, हलकं अंगावर राहतं. चपटं घ्या एखादं." हा सल्ला माझाच. पुढे जे घडलं त्यात त्याचाही वाटा आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

परवान्यावर शस्त्र बदलायची मंजुरी आली तेव्हा मला एका खटल्याच्या तारखेला सांगलीला जायचं होतं. सुभेदारांना बरोबर घेतलं. काम उरकून आम्ही शस्त्रांच्या दुकानात गेलो. पहिलं पिस्तूल पातळ होतं, पण स्प्रिंग इतकी ताठ की त्यांचा अंगठा थरथरायला लागला. दुसरं इतकं बारकं की मुठीत दोनच बोटं बसत होती. "बायकूच्या बटव्यात ठिवायचं हाय का ह्ये?" असं म्हणून त्यांनी ते परत केलं. शिवाय हलकं पिस्तूल गोळी सुटताना जास्त उसळतं, हे त्यांनी दुकानदारालाच सुनावलं. तिसरं हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले, मूठ आवळली, मोकळी केली, स्लाईड दोनदा ओढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना नळीच्या टोकावरची, नेम धरायची बारीक माशी दिसत नसे. या पिस्तुलाच्या माशीवर ठळक पांढरा ठिपका होता. डोळे उघडून म्हणाले, "ह्ये बेस हाय. असून नसल्यासारखं." जुनं पिस्तूल त्यांनी तिथेच दुकानात रीतसर जमा केलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच सुभेदार ठाण्यात आले. या वेळी चेहरा उतरलेला होता. पिस्तूल चोरीला गेलं होतं. फिर्याद मी स्वतः घेतली. खंडेनवमीला त्यांनी इतर अवजारांबरोबर पिस्तूलही पूजेला ठेवलं होतं. मॅगझिन आणि गोळ्या काढून कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. "दसऱ्याला घट हलवायच्या आदी मी सोता पिस्तूल उचाललं आन कपाटात ठिवलं," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. सकाळी कपाटात मॅगझिन आणि गोळ्या होत्या, पिस्तूल नव्हतं.

संशय कुणावर, तर एका मेंढपाळावर. माण तालुक्याच्या बाजूला पाऊस नव्हता म्हणून तो बायकामुलांसह लवकरच बाहेर पडला होता. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवतात, तशी सुभेदारांनी त्याची बसवून घेतली होती. दसऱ्याच्याच दुपारी त्याने तळ हलवला होता. मला तेवढं पुरेसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. "सायेब, वढ्याच्या पल्याड मेंढक्याच्या पालात पिस्तूल हाय. देवाम्होरं ठिवलंय, मी डोळ्यानं बगितलं." पंच घेऊन आम्ही गेलो. त्याच्या पालात, म्हणजे कापडी राहुटीत, देवाच्या परडीत भंडाऱ्यात माखलेलं पिस्तूल मिळालं. नंबर परवान्याशी जुळला. तीन दिवसांत गुन्हा उघड झाला म्हणून वरून कौतुकाचा फोनही आला, आणि मी ते कौतुक आनंदाने घेतलं.

चौकशीत मेंढपाळाचं एकच पालुपद. "वढ्याच्या काठाला निर्माल्यात घावलं, सायेब. अर्धवट सुटल्याल्या तांबड्या फडक्यात व्हतं. पूजलेलं हत्यार, त्येला पायदळी कसं टाकू? म्हून देवापशी ठिवलं. भंडारा वाहिला. पुसलंबी न्हाई."

"आणि पोलिसांकडे का नाही आणलंस?"

"तुमी आसं इचारनार, म्हून."

माझा हात उठला. एकच थप्पड, पण उठला. बाहेर कडुनिंबाखाली त्याची बायको दोन पोरांना घेऊन बसली होती आणि मेंढरं ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्याच्या भरवशावर होती. दोन दिवस चारा नाही मिळाला तर अख्खा कळप खचणार होता. तो इतकंच म्हणाला, "मला ठिवा, पर कुणीतरी मेंढरं हलवा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात हजर करून मी पोलीस कोठडी मागणार होतो.

संध्याकाळी मुद्देमाल लाखेने सील करायचं काम आमच्या महिला हवालदारांकडे होतं. शेतकरी घरातल्या, कमी बोलणाऱ्या. पिस्तूल कागदावर ठेवून त्या माझ्या खोलीत आल्या.

"साहेब, सील करायच्या आधी एकदा बघता का?"

स्लाईडच्या खाचेत आणि ट्रिगरच्या कडीत बारीक पांढरी मुळं आणि पिवळ्या काड्या अडकल्या होत्या.

"ओढ्याकाठचं गवत असेल," मी म्हणालो.

"गवत हिरवं असतं, साहेब. हे घटातलं धान आहे. देव्हाऱ्यात अंधारात उगवतं म्हणून पिवळं पडतं. मी दर वर्षी घट बसवते." त्या पुढे म्हणाल्या, "आणि एक विचारू? कपाट फोडलेलं नाही. चोर पिस्तूल नेईल आणि शेजारचं मॅगझिन का ठेवून जाईल?"

हा प्रश्न पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात यायला हवा होता. सुभेदारांच्या शब्दावर मी इतका विसंबलो की त्यांच्या घरातल्या बाकी कुणाला काही विचारावं, हेही मला सुचलं नव्हतं. तशीच गाडी काढली.

सुभेदारांच्या सूनबाई स्वयंपाक करत होत्या. मी विचारलं, दसऱ्याला घट कुणी हलवला?

"मीच. मामा सोनं वाटायला गावात गेलं व्हतं. माळा, पानं, माती समदं पाटीत भरलं आन वढ्याला सोडलं."

"त्यात लाल फडक्याची गुंडाळी होती का?"

"व्हती की. घटाला चिकटूनच व्हती, माळंखाली. हाताला हलकी लागली. म्या म्हनलं इड्याचा नारळ हाय." मग त्यांचा हात तोंडावर गेला. "आगं आई! मामांचं पिस्तूल तर लय जड आसतंय. मला काय ठावं नवं घेतलंय त्ये."

जुनं धूड असतं तर ते असं निर्माल्यात गेलं नसतं. हलकं घ्या, चपटं घ्या, असं सांगणारा मी तिथेच उभा होतो.

सुभेदार ओसरीवर बसून सगळं ऐकत होते.

"मला सपष्ट आठवतंय, सायेब. दोनी हातांनी उचाललं, कपाटात ठिवलं. पर..." त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "दोनी हातांनी. म्हंजे त्ये जुनं व्हतं. गेल्या साली. आवंदा म्या उचाललंच न्हाई."

मी त्यांना स्पष्ट कल्पना दिली. नवा जबाब दिलात तर निष्काळजीपणाचा ठपका येईल, परवाना जाईल. जिवाला धोका आहे म्हणून तो दिलेला आहे. गावात तोंड दाखवायला जड जाईल. आणि हेही खरं, की ते गप्प राहिले असते तर पहिला जबाब खोडून काढणं मला अवघड होतं. एका वजनदार माणसाच्या शब्दापुढे मेंढपाळाचा शब्द कोण खरा धरणार?

"परवाना जाऊं द्या," ते म्हणाले. "हितं मानूस चाललाय माझ्यापायी. लिवा."

जबाबाखाली त्यांनी सही केली, अंगठा दुखत असताना, अक्षर अक्षर काढत. मग गाडीत बसून माझ्याबरोबर ठाण्यात आले. कोठडीसमोर उभं राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "गड्या, चूक माझी हाय. तुझ्यावर आळ घेतला. मला माफ कर."

मेंढपाळाने गजाआडून विचारलं, "मेंढरं कुठं हायती?"

"माझ्या रानात. पोरगं घिऊन आलंय. हिरवा ऊस तोडून टाकलाय त्यांच्यापुढं."

दुसऱ्या दिवशी कोर्टात कोठडी न मागता, आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी दिला आणि त्याची सुटका झाली. सुभेदारांचा परवाना निलंबित झाला. त्यांनी परत मागितला नाही. हवालदार बाईंसाठी मी बक्षिसाची शिफारस पाठवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, बक्षीस कसलं, मी फक्त धान ओळखलं." मी मात्र वीस वर्षांच्या नोकरीनंतरही ते ओळखलं नव्हतं. साक्षीदार खोटं न बोलताही चुकीचं सांगू शकतो, आणि म्हातारपणी हाताची सवय आठवण म्हणून पुढे येते, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर घरातल्या बायांचे जबाब घेतल्याशिवाय मी एकाही घरफोडीचा तपास पुरा केला नाही.

सुभेदारांनी माफी मागितली होती. मी मागितली नव्हती. वर्दीत ते जमलं नाही, हे कबूल करतो. निवृत्त झाल्यावर म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा विचारत विचारत त्याच्या वाडीवर पोहोचलो. त्याने मला लगेच ओळखलं आणि बसायला घोंगडं टाकलं. मी हात जोडले. "त्या दिवशी तुझ्यावर हात उचलला. चुकलं माझं."

तो म्हणाला, "सायेब, माझं तुमी ऐकलं न्हाईसा. पर त्या हवालदार बाईंचं ऐकलंसा. आवो, म्या सुटलो, मेंढरं वाचली, तेवढ्यावर माझी पोरं शाळा शिकली."

त्याच्या बायकोने चहा आणून पुढे ठेवला आणि मी तो मान खाली घालून प्यायलो.